सकाळी अकराला दिवा लागतो, त्या खोलीसाठी

आमचं घर ठाण्याच्या नौपाड्यात, जुन्या तीन मजली इमारतीत, पहिल्या मजल्यावर. हॉल १० बाय १२ फुटांचा, त्याला पूर्वेला एकच खिडकी. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या खिडकीसमोर आमच्यासारखीच एक बुटकी इमारत होती आणि तिच्या गच्चीवरून आमच्याकडे भरपूर आकाश यायचं. मग ती पुनर्विकासाला गेली. हिरवी जाळी, धूळ, ड्रिलचा आवाज यात तीन वर्षं गेली आणि जाळी उतरली तेव्हा समोर बावीस मजले उभे होते. त्यानंतर एका सकाळी पाहिलं, तर अकरा वाजता मेथी निवडायला बसताना आई ट्यूब लावत होती.

१२० चौरस फूट तेव्हाही होते, आजही आहेत. पण येणारा-जाणारा म्हणायला लागला, "हॉल लहान वाटतोय रे." उजेड गेला आणि भिंती जवळ आल्या.

मी आधी तेच केलं जे सगळे करतात. तीन बाय चारचा आरसा आणला आणि खिडकीच्या बरोबर समोर ठोकला. आता आम्हाला दोन टॉवर दिसायला लागले. मग पांढराशुभ्र रंग दिला. तो आमच्या अंधुक हॉलमध्ये महिन्याभरात सरकारी दवाखान्यासारखा करडा दिसू लागला. एवढे पैसे घालवल्यावर शहाणपण आलं, की आरसा आणि रंग ही पहिली कामं नव्हेत. उजेड बाहेरून आत येतो, तर कामही बाहेरून आत जायला हवं: आधी ग्रिल, मग काच, पडदा, छत, भिंत, सामान, आरसा आणि सगळ्यात शेवटी दिवे. पुढे तोच क्रम धरला आहे.

दिवे बंद करून बसा

पहिला दिवस काहीही विकत न घेण्याचा. सकाळी अकराच्या सुमारास सगळे दिवे बंद करा, खिडकीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात खुर्ची टाका आणि वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचून पाहा. वाचता आल्या तर तुमच्याकडे उजेड आहे, अडचण फक्त सामानाची आहे. नाही आल्या तर त्याच खुर्चीतून खिडकीकडे बघा. आकाशाचा तुकडा दिसतो का? दिसत असेल तर त्या कोपऱ्यापर्यंत थेट उजेड पोहोचू शकतो, मधे काय आडवं येतंय ते शोधायचं. आकाश अजिबात दिसत नसेल, समोर नुसती भिंत असेल, तर तुम्हाला मिळणारा सगळा उजेड त्या भिंतीवरून आपटून आलेला, म्हणजे उष्टा उजेड आहे. तो कमी असतो, म्हणून आत आल्यावर एक थेंब वाया जाता कामा नये.

ढोबळ हिशेब असा, की खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पट आतपर्यंत कामापुरता उजेड जातो. सात फुटांवर कड असेल तर चौदा ते सतरा फूट. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक खोल्यांना खिडकी पुरेशी असते! फक्त ती पूर्ण उघडी असली पाहिजे, विशेषतः वरचा एक-दीड फूट. खोलवर जाणारा उजेड तिथूनच येतो आणि आपण नेमका तोच भाग झाकतो: झालर, एसीची फळी, वर सरकवलेला ब्लाइंड.

मोबाइलवर लक्स, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड, मोजणारी मोफत अ‍ॅप्स असतात. त्यांचे आकडे अचूक नसतात, पण एकाच मोबाइलवर आधीचं आणि नंतरचं ताडून पाहायला उत्तम. आमच्या खिडकीपाशी ९०० आणि दाराजवळच्या कोपऱ्यात ३५ आले होते. ते ३५ कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवले.

ऋतूचाही विचार हवा. ठाणे-नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला कलून क्षितिजापासून फक्त ४७ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन चांगलं आत येतं. मेच्या मध्यात आपला शून्य सावलीचा, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा दिवस येतो. तिथपासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीला ऊन मिळत नाही. त्यात पावसाळी ढग. एकच खोली वर्षातून दोन वेगळ्या खोल्यांसारखी वागते. म्हणून माझा नियम: रंग निवडावा पावसाळ्यात, लावावा पावसाळा संपल्यावर. खोली सगळ्यात काळोखी असते तेव्हा जो रंग बरा दिसतो, तो वर्षभर बरा दिसतो.

खिडकीच्या बाहेर

आपल्याकडे उजेडाचा पहिला चोर म्हणजे बॉक्स ग्रिल, खिडकीबाहेर पेटीसारखं काढलेलं. ग्रिल घराच्या बाहेर असतं, म्हणून ते आपल्या हिशेबात धरलंच जात नाही. आमचं रिकामं केलं तेव्हा निघालेली यादी: नऊ कुंड्या (त्यातल्या चारांत नुसती माती), फुटकी बादली, दोन पोछे, डिश अँटेनाची गुंडाळलेली केबल, भावाची शाळेतली बॅट आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या, का ठेवल्या ते कुणालाच न आठवणाऱ्या पाच टाइल्स. या सगळ्यावर दोऱ्या आणि दोऱ्यांवर कपडे. खिडकी चार फूट उंच, पण प्रत्यक्ष उजेड यायला वरची जेमतेम दीड फुटाची फट उरली होती, तीही दुपारपर्यंत टॉवेलांनी बंद.

क्रम असा ठेवा. मेलेल्या कुंड्या आणि भंगार त्याच दिवशी बाहेर. जिवंत झाडं ग्रिलच्या तळाशी, खिडकीच्या कठड्यापेक्षा वर डोकावणार नाहीत अशी. तुळस राहू द्या. मनी प्लांटचा वेल ग्रिलवर चढवला असेल तर छाटा, तो दिसायला छान पण आतल्यांना अंधार देतो. कपड्यांसाठी बाथरूमच्या बाहेर किंवा गॅलरीच्या छताला दोरीने वर-खाली होणारा स्टँड लावून घ्या. घरात दुसरी जागाच नसेल तर निदान चादरी आणि टॉवेल गच्चीवर न्या, ग्रिलमध्ये फक्त लहान कपडे, तेही खालच्या दोरीवर. ग्रिलला काळा रंग असेल तर पुढच्या वेळी पांढरा किंवा फिकट करडा द्या. गंज आधी खरवडून रेड ऑक्साइडचा हात मारायला विसरू नका. आणि हात घातलाच आहे तर ग्रिलला उघडणारं, आतून कुलूप निघेल असं दार आहे ना, ते पाहा. नसेल तर फॅब्रिकेटरकडून करून घ्या. उजेडाशी याचा संबंध नाही, आगीशी आहे.

ज्यांचं स्वयंपाकघर किंवा बेडरूम डक्टकडे, म्हणजे इमारतीतल्या उभ्या, वरून उघड्या पोकळीकडे उघडते त्यांच्यासाठी आणखी एक स्वस्त उपाय आहे, पण त्याला सोसायटीची बैठक लागते. डक्टच्या भिंती शेवाळाने काळ्या पडलेल्या असतात. त्या धुऊन, भेगा बुजवून, त्यांना बाहेरचा पांढरा रंग दिला तर वरून डक्टमध्ये पडणारा उजेड भिंतीवरून आपटत खालच्या मजल्यांपर्यंत उतरतो. खर्च सगळ्यांत वाटला जातो. वरच्या मजल्यावरचे कुरकुरतात, कारण फायदा खालच्यांना जास्त. आमच्या इमारतीत हा विषय दोन वार्षिक सभांमध्ये फिरला आणि शेवटी गळतीच्या दुरुस्तीला परांची बांधली तेव्हाच मार्गी लागला. परांची एकदा उभी राहिली की रंगाचा जादा खर्च फार नसतो, हे वाक्य सभेत उपयोगी पडतं.

काच, जाळी, पडदा

इथे फार वेळ घालवायला नको, पण काम पूर्ण करा. मच्छरदाणीची जाळी मुळातच थोडा उजेड खाते, धुळीने भरली की फार खाते. चौकट खाली उतरवा, आडवी ठेवून साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने घासा. घोडबंदर रोडवर किंवा कुठल्याही हायवेलगत राहणाऱ्यांनी हे दर दोन महिन्यांनी करावं. काचेला जुनी काळी फिल्म चिकटवली असेल तर साबणाचं पाणी शिंपडून, मुरू देऊन, ब्लेडच्या खरवडणीने काढा. समोरच्यांचं दिसतं म्हणून ती लावलेली असते, ते मान्य. त्यावर उपाय म्हणजे दुधी फिल्म, आणि तीही फक्त उभ्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत. वरची काच स्वच्छ पारदर्शक ठेवा. वर कोणी बघत नाही. तिथून फक्त आकाश येतं.

पडद्यांची चूक बहुतेक घरांत एकसारखी असते. चार फुटांच्या खिडकीला चार फुटांचा रॉड. मग पडदा कितीही सरकवा, त्याचे गोळे दोन्ही बाजूंना काचेवरच बसतात आणि फूटभर खिडकी कायमची जाते. रॉड दोन्हीकडून नऊ इंच ते एक फूट लांब घ्या, म्हणजे उघडल्यावर पडदा भिंतीवर जमा होतो. रॉड खिडकीच्या कडेला चिकटून लावण्यापेक्षा छताच्या चार-सहा इंच खाली लावा आणि पडदा जमिनीपर्यंत सोडा. छत उंच वाटतं. कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट पुरतं. दिवसा नेटचा पांढरा, रात्री साधा फिकट सुती, एवढ्या दोन थरांत काम होतं. जाड मखमली पडदे आपल्या हवेत पावसाळाभर कुबट वास मारतात.

पश्चिमेची खिडकी वेगळी. माझी बहीण घोडबंदरला अकराव्या मजल्यावर राहते, तिच्याकडे एप्रिलमध्ये चारनंतर हॉलमध्ये बसवत नाही. तिला मी उजेड वाढवायला कशाला सांगू? ऊन काचेच्या आत आलं की उष्णताही आत आली, त्यामुळे ते बाहेरच अडवलेलं बरं. तिने ग्रिलच्या आतल्या बाजूला, पण काचेच्या बाहेर, बांबूची चिक सोडली आहे. तीन वाजता खाली, सूर्य मावळला की वर. ऊन चिकेवर अडतं, फटींतून उजेड येतच राहतो.

ओल असेल तर रंगाचा डबा उघडू नका

ठाण्यात चार महिने पाऊस झोडपतो आणि बाहेरच्या भिंतींतून ओल आत येते. पिवळे डाग, पापुद्रे, कपाटामागे काळी बुरशी. अशा भिंतीवर दिलेला उजळ रंग एका पावसाळ्याचा सोबती. ओल भिंतीतून येते की हवेतून, हे तपासायची सोपी युक्ती: फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीत आहे: बाहेरची भेग, वरच्यांची बाथरूम किंवा फुटका पाइप शोधावा लागेल. खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवा कोंदट आहे, खिडकी उघडी ठेवा, कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे घ्या. गळती बंद झाल्यावरही भिंतीला वाळायला काही आठवडे द्यावेत. गणपती गेल्यावर रंगाऱ्याशी बोलून ठेवा, काम ऑक्टोबरात सुरू करा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कुणीच मिळत नाही, आणि जो मिळतो तो लांबी (भिंतीची पुट्टी) वाळायच्या आत प्रायमर मारतो.

रंग

शेडकार्डावर किंवा रंग कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक शेडचा एलआरव्ही दिलेला असतो. रंग किती टक्के प्रकाश परत फेकतो, त्याचा तो आकडा. काळा शून्याजवळ, पांढरा शंभराजवळ. याचं महत्त्व समजून घ्यायचं तर उजेड खोलीत चेंडूसारखा आपटतो असं धरा. ८० टक्के परत फेकणाऱ्या भिंतींवर तो तीनदा आपटला तरी मूळचा ५१ टक्के उरतो. भिंती ५० टक्केवाल्या असतील, म्हणजे सध्या सगळीकडे दिसणारा तो फॅशनेबल मध्यम करडा, तर तीन आपटांनंतर साडेबारा टक्के. म्हणून शेवटच्या कोपऱ्यात फरक इतका पडतो.

छत शुद्ध पांढरं, मॅट. यात प्रयोग करू नका. भिंतींना ७० ते ८० एलआरव्हीच्या मधला, किंचित पिवळ्या किंवा गुलाबी झाकेचा पांढरा. आमची चूक इथेच झाली होती: उत्तरेच्या किंवा समोर इमारत असलेल्या खोलीत येणारा उजेड मुळात थंड, निळसर असतो, त्यात निळसर पांढरा रंग आजारी दिसतो. लहान डबा आणून सगळ्यात अंधाऱ्या भिंतीवर दोन बाय दोन फुटांचे तीन चौकोन रंगवा आणि सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर बघा. शेडकार्डाच्या बोटभर तुकड्यावरून निवडलेला रंग भिंतीवर गेल्यावर वेगळाच दिसतो.

चकाकीचं म्हणाल तर हलकी चकाकी चालते, धुताही येतं. पण फार चकचकीत इमल्शन जुन्या भिंतीचे सगळे फुगवटे उघडे पाडतं. घिसाई, म्हणजे रंगाआधी भिंत घासून सपाट करणं, नीट करून घ्या, त्यात रंगारी वेळ वाचवतात. मापही सांगून ठेवतो: १० बाय १२, उंची ९ फूट, म्हणजे दारं-खिडकी वगळून भिंती सुमारे ३५० चौरस फूट. गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये दोन हात धरून साधारण १३० चौरस फूट होतात. तीन लिटरच्या आत काम होतं. चारचा डबा आणा, उरलेला डाग झाकायला ठेवा. छताला वेगळा एक लिटर.

आमच्या रंगाऱ्याने आग्रह धरला होता, "भाऊ, एक भिंत डार्क मारू, सगळे मारतात." एका गडद भिंतीने खोलीला खोलपणा येतो हे खरं, पण मोठ्या, उजळ हॉलमध्ये. आमच्या हॉलमध्ये ती भिंत अंगावर आली असती. दाराच्या चौकटीही भिंतीच्याच रंगाच्या केल्या. चॉकलेटी चौकट पांढऱ्या भिंतीवर रेघ ओढते, डोळा तिथे अडतो. पॉलिश केलेलं सागवान असेल तर मात्र हात लावू नका, त्याच्यावर ऑइलपेंट मारणं हे पाप आहे.

फॉल्स सीलिंग नको. नऊ फुटांतले सहा-आठ इंच देऊन चार रंगीत दिवे घ्यायचे, हा सौदा लहान खोलीला परवडत नाही.

शोकेस

आता खरं अवघड काम. आमच्या उत्तरेच्या भिंतीवर १९९६ मध्ये सुताराने घरीच बसून बनवलेली शोकेस होती. भिंतभर लांब, दीड फूट खोल, चॉकलेटी सनमायका, मधे टीव्हीचा खण, तोही जुन्या डब्यासारख्या टीव्हीच्या मापाचा. काचेमागे बाबांना निवृत्तीला मिळालेलं घड्याळ, वैष्णोदेवीची फ्रेम, सहा कप असलेला पण कधीच चहा न पाहिलेला सेट, आणि कुणाच्या तरी मुंजीतला चांदीच्या मुलाम्याचा गणपती.

"काढायची," मी म्हटलं.

"काढ ना," आई म्हणाली, "आणि त्यातलं सगळं तुझ्या डोक्यावर ठेव."

तिचं बरोबर होतं. फर्निचर काढण्याआधी त्यातल्या वस्तूंची सोय लागते, नाहीतर त्या वस्तू खुर्च्यांवर येऊन बसतात. आम्ही एक रविवार दिला. सगळं दिवाणावर मांडलं, आणि आईने स्वतः तीन ढीग केले: दिसायला हवं, जवळ हवं, कुणाला द्यायचं. मी काहीही सुचवायचं नाही, हा करार. दिसायला हव्यात अशा पाचच गोष्टी निघाल्या. त्या आता दाराच्या वर एका अरुंद फळीवर आहेत. चहाचा सेट वापरात आला आणि त्यातला एक कप पहिल्याच आठवड्यात फुटला.

शोकेस निघाली तेव्हा मागे जुना पिस्ता रंग, एक आडवं पडलेलं कॅलेंडर आणि बारीक बुरशीचा पट्टा निघाला. दीड फूट खोल आणि बारा फूट लांब, म्हणजे १८ चौरस फूट जमीन परत मिळाली. टीव्ही भिंतीवर गेला, खाली फक्त दहा इंच खोलीचा, भिंतीला अडकवलेला, जमिनीला न टेकणारा कप्पा.

हीच सामानाची गुरुकिल्ली: खोलीत पाऊल टाकल्यावर जमीन किती दिसते, त्यावरून डोळा खोलीचं माप घेतो. पाय असलेला सोफा, भिंतीला लटकवलेला कप्पा, घडी होणारं टेबल, यांच्याखालून फरशी पुढे जाताना दिसते. जमिनीला टेकलेला पेटीचा दिवाण साठवणीला सोयीचा, पण हॉलमध्ये एकच ठेवा. दारातून खिडकीपर्यंतची सरळ वाट मोकळी असू द्या. तिच्यात स्टूलसुद्धा नको. चालायला निदान दोन फूट, अडीच मिळाले तर उत्तम.

उंच वस्तू, म्हणजे गोदरेजचं कपाट किंवा फ्रिज, खिडकीलगतच्या बाजूच्या भिंतीवर असतील तर तिरका उजेड तिथेच संपतो. त्यांना दाराच्या भिंतीवर आणा. आत येणाऱ्याच्या ती पाठीमागे पडतात, म्हणून दिसतही नाहीत. कपाटावर सुटकेसा रचल्या असतील तर त्या माळ्यावर किंवा पलंगाखाली. नवं कपाट करून घेणार असाल तर छतापर्यंत आणि भिंतीच्याच रंगाचं करा.

नवीन काही घेण्याआधी वर्तमानपत्रं चिकटवून वस्तूच्या मापाचा कागद कापा, जमिनीवर अंथरा आणि दोन दिवस त्याच्या कडेने चाला. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मोठ्या दालनात सोफा छोटासा दिसतो. मी कागद अंथरला, दुसऱ्याच सकाळी आई त्यावर पाय देऊन देवघराकडे गेली, आणि एल आकाराचा सोफा तिथेच रद्द झाला.

आरसा, दुसऱ्यांदा

तोच आरसा मग दक्षिणेच्या भिंतीवर, खिडकीपासून दोन फुटांवर लावला. बाजूच्या भिंतीवरचा आरसा आतल्या कोपऱ्यातून बघणाऱ्याला दुसऱ्या खिडकीसारखा दिसतो, आणि त्यात टॉवरही येत नाही. आरसा ठोकण्याआधी कुणाला तरी तो धरून उभं करा आणि तुम्ही नेहमीच्या जागी बसून बघा: त्यात काय दिसतं? समोरच्यांची कपड्यांची दोरी, ट्यूबचा झगझगाट किंवा बाथरूमचं दार दिसत असेल तर जागा बदला.

तीन बाय चार फुटांचा, चार मिलिमीटर जाडीचा आरसा ११ किलोच्या आसपास भरतो. दुतर्फी टेपवर विश्वास ठेवू नका. स्क्रू आणि क्लिपा, आणि दिवाणाच्या वर असेल तर जास्तच काळजी. मागे थोडी फट ठेवा, ओलसर भिंतीला चिकटलेल्या आरशाच्या कडा काळ्या पडतात.

संध्याकाळ

मध्यभागी एक ट्यूब असली की कोपरे काळे राहतात आणि खोली त्या ट्यूबभोवती आकसते. उजेड भिंतींवर टाका. हिशेब: १२० चौरस फूट म्हणजे ११ चौरस मीटर. आरामात वावरायला सुमारे २०० लक्स धरले आणि निम्मा प्रकाश भिंती-छतात जिरतो असं मानलं, तर ४,००० ते ४,५०० ल्यूमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) लागतात. २० वॉटची चांगली एलईडी पट्टी साधारण २,००० ल्यूमेन देते. म्हणजे समोरासमोरच्या भिंतींवर दोन पट्ट्या, आणि वाचायच्या कोपऱ्यात एक लहान दिवा. वॉट पाहून घेऊ नका, खोक्यावर ल्यूमेन लिहिलेले असतात.

रंगछटा ४,००० केल्विनची घ्या. ६,५०० ची पांढरीफटक दुकानात छान वाटते, घरात चेहरे फिके दिसतात. ३,००० ची पिवळी झोपायच्या खोलीला. एकाच खोलीत दोन्ही मिसळू नका, भिंतीवर ठिगळं दिसतात. आणि दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर लावू नका. सावल्या फिरत राहतात आणि अर्ध्या तासात डोकं धरतं. हे इलेक्ट्रिशियन सांगत नाहीत, कारण छतातला जुना पॉइंट तिथेच असतो.

मधली खोली

नवी मुंबईच्या वाचकांसाठी थोडं वेगळं. माझी मावसबहीण कोपरखैरण्यात सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) रो हाउसमध्ये राहते. दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती, उजेड फक्त पुढून आणि मागून, आणि मधली खोली दिवसाही काळोखी. मागचं अंगण झाकून तिथे खोली वाढवली की मधलीचा उरलासुरला उजेडही जातो, आणि हे जवळपास प्रत्येकाने केलेलं असतं. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात घरं आखली तेव्हा ४५ चौरस मीटरच्या सगळ्यात लहान प्लॉटलाही आभाळाखालची मोकळी जागा ठेवली होती. ती जागा का ठेवली, हे अशा मधल्या खोलीत उभं राहिल्यावर कळतं.

तिच्याकडे आम्ही तीन गोष्टी केल्या. आतल्या दारांवरच्या लाकडी फळ्या काढून तिथे काच बसवली, म्हणजे छतालगतचा उजेड खोल्या ओलांडतो. मधल्या दाराचा वरचा अर्धा भाग दुधी काचेचा केला. आणि मागच्या पत्र्याच्या छपरात एक पारदर्शक पत्रा घातला. त्यावरची पानं-धूळ महिन्यातून एकदा झाडूने काढावी लागते. भिंत फोडून खिडकी मोठी करायचा मोह तिच्या नवऱ्याला झाला होता. बीम, कॉलम, सामाईक भिंत यातलं काय आहे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय आणि परवानगीशिवाय छिन्नी लावायची नाही, हे त्याला पटवायला दोन रविवार लागले.

स्वयंपाकघराचं थोडक्यात: काळा कडाप्पा उजेड पितो, पण ओटा तोडायची गरज नाही. वरच्या कपाटांच्या तळाला एलईडी पट्टी लावा, ओट्यावरच्या टाइल्स पांढऱ्या ठेवा आणि भिंतीवरची स्टीलची मांडणी खिडकीपासून लांब हलवा. जुनं मोझॅक असेल तर ते उखडून टाइल्स बसवण्याआधी मशीनने घासून पॉलिश करून बघा; वरचा मळकट थर गेला की आतले पांढरे खडे पुन्हा चमकतात.

भाड्याचं घर असेल तर

ग्रिल रिकामं करा, जाळी-काच धुवा, लांब रॉड लावा, दिवे बदला, सामान हलवा. यातलं काहीच मालकाला विचारून करावं लागत नाही, रॉडच्या चार भोकांपुरतं विचारा. आरसा भिंतीला टेकवून उभा ठेवा, खाली घसरू नये म्हणून रबर, वर एक हूक. रंगाचं मालकाशी बोलून पाहा: मजुरी तुमची, रंग त्याचा, यावर पुष्कळ मालक तयार होतात.

आमच्या दाराजवळच्या कोपऱ्यात आता १४० येतात, ३५ च्या जागी. छोट्या जाहिराती साडेतीनपर्यंत वाचता येतात, आषाढातले दिवस सोडून. सकाळी फरशीवर पडायचं ते ऊन मात्र गेलं ते गेलंच. पण हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास समोरच्या टॉवरच्या काचांवरून उलटं ऊन येतं आणि शोकेस होती त्या भिंतीवर वीसेक मिनिटं पडतं. आई तेवढ्यात खुर्ची ओढून तिथे पाठ शेकत बसते. म्हणते, "एवढं तरी परत केलं मेल्यांनी."